पाटी खाली न ठेवता



माझी आत्या आठवड्याच्या बाजाराला भाजीची पाटी घेऊन शहरात जात असे. पहाटे मेथी-कोथिंबीर उपटायची, जुड्या बांधायच्या, वर ओले फडके टाकायचे आणि पाटी डोक्यावर घेऊन फाट्यापर्यंत चालायचे. फाट्यावर एस. टी. मिळे, ती तालुक्यापर्यंत. तिथे उतरून दुसरी गाडी, ती शहराच्या स्टँडपर्यंत. स्टँडपासून मंडई पुन्हा लांब. म्हणजे घरापासून मंडईपर्यंत तीन वेळा पाटी उतरवायची आणि तीन वेळा कुणाला तरी "बाबा, जरा हात लाव" म्हणायचे. एकदा ती तालुक्याला उतरली तेव्हा पुढची गाडी नुकतीच निघून गेली होती. त्यानंतरची दोन तासांनी. आत्या मंडईत पोचली तोवर बाजार उठत आला होता आणि मेथीने मान टाकली होती. मिळेल त्या भावात जुड्या देऊन ती परत आली. रात्री पाय चेपताना मला म्हणाली, "पोरा, चालून पाय दुखत नाहीत. चढ-उतर करून दुखत्यात."

आत्याचे हे बोलणे मला परवा पुन्हा आठवले, ते एका परदेशी रेल्वेची हकीकत वाचताना. शहर आणि आसपासची खेडी यांना जोडणारी ही हलकी रेल्वे आहे. आत्याने जे दुखणे सांगितले, नेमके त्यावरच तिथल्या माणसांनी औषध शोधले. तुमच्यापैकी पुष्कळांची गावे आता शहराच्या जवळ आली आहेत. कुणाच्या शिवारात मोजणीवाले येऊन गेले असतील, कुणाच्या गावात "मेट्रो येणार, मेट्रो येणार" अशी बोलवा असेल. म्हणून ही हकीकत जरा सावकाश सांगतो.

जर्मनी देशाच्या नैर्ऋत्य भागात, ऱ्हाइन नदीजवळ, कार्ल्सरूहे नावाचे शहर आहे. वस्ती तीन लाखांच्या आसपास. १७१५ साली तिथल्या संस्थानिकाने रानात वाडा बांधायला घेतला आणि वाड्यापासून पंख्याच्या काड्यांसारखे सरळ रस्ते काढले. आजही नकाशात ते शहर उघडलेल्या पंख्यासारखेच दिसते. मोटारगाडीचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतात, तो कार्ल बेन्झ १८४४ साली जन्मला तोही इथेच, आता शहरात मोडणाऱ्या म्युलबुर्ग गावात. म्हणजे मोटारीचे हे माहेरच म्हणायचे. आणि याच शहराच्या आसपासच्या गावकऱ्यांनी घरची मोटार दारात ठेवून ट्रामने जायला सुरुवात केली, ही यातली गंमत आहे.

ट्राम म्हणजे काय, हे नव्या पोरांना सांगायला हवे. रस्त्यातच रूळ बसवलेले असतात, वर विजेची तार असते आणि एक-दोन डब्यांची गाडी लोकांच्या मधून हळूहळू जाते. आपल्या मुंबईतही ट्राम होती. १८७४ साली ती घोडे ओढत होते, १९०७ पासून विजेवर धावू लागली आणि ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली. त्या काळात जगातल्या पुष्कळ शहरांनी बसगाड्यांना आणि मोटारींना वाट करून देण्यासाठी ट्राम मोडीत काढली. कार्ल्सरूहेने ती ठेवली. नुसती ठेवली नाही, तर वाढवली.

वाढवायचे कारण असे. शहराचे मोठे रेल्वे स्टेशन पूर्वी बाजारपेठेच्या जवळ होते. १९१३ साली नवे स्टेशन बांधले, ते बाजारापासून दोनएक किलोमीटर दक्षिणेला. शहराच्या पूर्वेला टेकड्यांचा मुलूख आहे. शेती आहे, द्राक्षमळे आहेत. त्या बाजूला पंचवीसएक किलोमीटरवर ब्रेटन नावाचे गाव आहे. ब्रेटनचा माणूस आगगाडीत बसून कार्ल्सरूहेला येई, पण त्याचे काम असायचे बाजारात, कचेरीत, दवाखान्यात. स्टेशनात उतरून सामानासह ट्रामच्या थांब्यावर जायचे, ट्रामची वाट पाहायची, पुन्हा चढायचे. परत जाताना तेच. आगगाड्याही दिवसात मोजक्याच. मग ज्याच्याकडे मोटार होती तो मोटारीने जाऊ लागला. गाडीला माणसे कमी म्हणून फेऱ्या वाढेनात आणि फेऱ्या कमी म्हणून माणसे येईनात. आपल्या एस. टी. च्या मुक्कामी गाडीचे काही गावांत हेच होते, तुम्ही पाहिले असेल.

यावर उपाय एका दिवसात सापडला नाही. तो तीन पायऱ्यांनी सापडला.

पहिली पायरी दक्षिणेकडची. आल्ब नावाच्या नदीच्या खोऱ्यातून हेरेनआल्ब गावापर्यंत एक जुनी छोटी रेल्वे होती, १८९७-९८ सालची. ती मीटरगेज. मराठवाड्यातल्या मंडळींना मीटरगेज समजावून सांगायला नको, मनमाड-सिकंदराबाद मार्ग कित्येक वर्षे तसाच होता. शहरातल्या ट्रामचा रूळ मात्र त्याहून रुंद, त्यामुळे या रेल्वेचा डबा शहरात जाऊ शकत नव्हता. १९५७ साली शहराने त्या रेल्वेसाठी स्वतःची कंपनी काढली आणि १९६६ पर्यंत सगळा मार्ग रुंद करून ट्रामच्या रुळांना जोडून टाकला. खोऱ्यातल्या गावातून बसलेला माणूस आता न उतरता थेट बाजारपेठेत येऊ लागला.

दुसरी पायरी उत्तरेकडची. तिकडे सरकारी रेल्वेचा एक मार्ग होता, त्यावरून मालगाड्या जात. १९७९ साली त्याच मार्गावरून नॉयरॉइट गावापर्यंत ट्राम नेली. मालगाडीही तिथूनच जाई आणि ट्रामही तिथूनच. नवा रूळ टाकायला नको, नवी जमीन घ्यायला नको. एका रुळावर दोघे नांदू शकतात, हे यातून दिसले.

तिसरी पायरी सगळ्यांत अवघड, ती ब्रेटनची. तिकडचा मार्ग मोठ्या रेल्वेचा. एक गोष्ट मात्र देवाच्या दयेने जुळलेली होती : ट्राम आणि रेल्वे दोघांचा रूळ सारख्याच रुंदीचा, चार फूट साडेआठ इंच. बाकी सगळे वेगळे. शहरातल्या ट्रामच्या तारेत ७५० व्होल्टची डी. सी. वीज आणि जर्मन रेल्वेच्या तारेत १५,००० व्होल्टची ए. सी. विहिरीवर पंप चालवणाऱ्यांना यातली अडचण लगेच कळेल. थ्री फेजची मोटर सिंगल फेजवर जोडली तर काय होते, ते आपण जळक्या वासावरून शिकलेलो आहोत. चाकांच्या कडाही वेगळ्या, कारण रस्त्यातल्या रुळाची खाच अरुंद असते. ट्रामचा डबा रेल्वेच्या डब्याइतका दणकट नसतो, तेव्हा टक्कर झाली तर काय, हाही प्रश्न होताच.

शहराच्या वाहतूक खात्याचे प्रमुख डीटर लुडविग आणि त्यांचे सहकारी या प्रश्नाच्या मागे लागले. सबंध १९८० च्या दशकात अभ्यास झाला, चाचण्या झाल्या. शेवटी असा डबा तयार झाला, की ज्यात रेल्वेच्या तारेतली वीज उतरवून ट्रामच्या मोटरला चालेल अशी करणारी यंत्रे बसवलेली होती. चाकांचा घाट दोन्ही रुळांना मानवेल असा केला. डब्याचा दणकटपणा कमी, म्हणून ब्रेक जास्त जोरदार ठेवले. मोठी आगगाडी थांबायला बरेच अंतर घेते, हा डबा थोडक्यात थांबतो, त्यामुळे टक्कर टाळणे सोपे. शहराच्या कडेला, जिथे ट्रामचा रूळ रेल्वेच्या रुळाला मिळतो, तिथे थोड्या अंतरापुरती तार बिनविजेची ठेवली. गाडी आपल्या वेगाने तेवढे अंतर घरंगळत जाते आणि पलीकडे दुसऱ्या विजेवर चालू लागते. आत बसलेल्या म्हातारीला त्याचा पत्ताही लागत नाही.

ब्रेटनच्या मार्गावर नव्याने तार ओढली आणि २५ सप्टेंबर १९९२ रोजी ही गाडी सुरू झाली.

आता जी गोष्ट सांगतो, ती नीट लक्षात ठेवा. त्यांनी नुसती गाडी बदलली नाही, थांबेही वाढवले. जुनी जड आगगाडी थांबायला आणि पुन्हा वेग घ्यायला वेळ खाते, म्हणून तिला लांब लांब स्टेशने लागतात. हलका डबा पटकन थांबतो, पटकन निघतो. त्यामुळे रूळ जुनाच ठेवून वस्तीच्या जवळ नवे थांबे करता आले. पूर्वी ज्या गावाला आगगाडी नुसती शिट्टी देऊन जात असे, तिथे आता गाडी थांबू लागली. शिवाय दिवसभर ठरलेल्या अंतराने गाड्या, म्हणजे एक चुकली तर पुढची लवकरच. पुढे १९९४ साली शहर आणि भोवतालच्या भागासाठी एकच तिकीट-व्यवस्था आली. ट्राम असो, बस असो की आगगाडी असो, तिकीट एक.

परिणाम काय झाला? थोड्याच काळात त्या मार्गावरचे प्रवासी चौपटीहून अधिक झाले. आणि त्यांत पूर्वी मोटारीने जाणारे पुष्कळ होते. ज्यांना गाडीची सक्ती नव्हती, दारात मोटार उभी होती, तेही गाडीत येऊन बसले. हे वेगामुळे झाले नाही. शहरात शिरल्यावर ती गाडी ट्रामच्याच चालीने चालते. गावच्या थांब्यावर बसले की बाजारात उतरायचे, मध्ये उठायचे नाही, एवढे सुख त्यांना पुरेसे होते. आत्या म्हणाली होती तेच.

मग काय, गावोगावहून मागणी सुरू झाली. शतावरीच्या कोंबांसाठी प्रसिद्ध असलेल्या ब्रुखसालला गाडी गेली. १९९७ साली ऱ्हाइन नदी ओलांडून शेजारच्या राज्यातल्या व्योर्थ गावी गेली. १९९९ साली पार हाइलब्रॉन शहरापर्यंत गेली आणि २००१ साली त्या शहराच्या भर रस्त्यातून धावू लागली. ट्राममध्ये बसून एका शहराच्या बाजारातून दुसऱ्या शहराच्या बाजारात, सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर! इतक्या लांबच्या प्रवासाची सोय म्हणून काही डब्यांत पुढे संडासही बसवावे लागले. बाहेरच्या लोकांनीही हा धडा घेतला. जर्मनीतल्याच झारब्र्युकन शहराची अशी गाडी १९९७ पासून सरहद्द ओलांडून फ्रान्समधल्या गावात जाऊ लागली. इंग्लंडात शेफील्डहून रॉदरहॅमला २०१८ साली अशी गाडी सुरू झाली.

सगळे गोडच झाले असे मी म्हणणार नाही. पहिल्या डब्यांना पायऱ्या उंच होत्या, म्हाताऱ्यांचे आणि लेकुरवाळ्यांचे हाल होत. दुसरे म्हणजे, सगळ्या गावांच्या गाड्या शहराच्या एकाच मुख्य रस्त्यावर येऊ लागल्या. कैझरस्ट्रास त्या रस्त्याचे नाव. एकामागून एक पिवळ्या गाड्यांची रांग लागे. लोक वैतागून तिला "पिवळी भिंत" म्हणू लागले. रस्त्याखालून बोगदा काढावा असे ठरू लागले, तर १९९६ साली शहरातल्या लोकांनी मतदान करून ते नाकारले. २००२ साली सुधारलेली योजना पुन्हा लोकांपुढे ठेवली, तेव्हा मान्य झाली. काम २०१० साली सुरू झाले आणि बोगद्यातून गाड्या धावल्या डिसेंबर २०२१ मध्ये. तोवर खर्च पहिल्या अंदाजाच्या दुपटीहून वर गेला होता आणि दुकानदारांनी अकरा-बारा वर्षे खोदकाम सोसले होते. गाडी लोकांना फार आवडली, त्याची ही किंमत. पण एवढे ध्यानात घ्या, की दोन्ही वेळा निर्णय लोकांना विचारून झाला.

तुम्ही म्हणाल, हे जर्मनीचे झाले, आमचे काय? आपल्याकडे हलकी रेल्वे नवी नाही, मंडळी. आपली बार्शी लाईट! १८९७ साली कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ती सुरू केली. अडीच फुटी रूळ. पुढे १९०६ साली ती पंढरपूरला पोचली, १९११ साली लातूरला, १९२७ साली मिरजेला. वारकऱ्यांना तिने किती वर्षे पांडुरंगाच्या दारी नेले, हे सोलापूर, लातूर, सांगलीकडच्या घराघरांत माहीत आहे. पण तिचे एक दुखणे होते. कुर्डुवाडीला मोठ्या रेल्वेचा रूळ रुंद आणि हिचा अरुंद. एकीचा डबा दुसरीवर जायचा नाही. माणसांनी उतरायचे, गाठोडी उतरायची, कापसाच्या गासड्या आणि धान्याची पोती हमालांनी एका वाघिणीतून दुसरीत टाकायची. वेळ गेला, हमाली गेली, पोते फाटले तर दाणे गेले. या शतकात तो मार्ग टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला, तेव्हा कुठे ते दुखणे गेले. कार्ल्सरूहेच्या लोकांनी जे ओळखले, ते आपल्या कुर्डुवाडीच्या हमालालाही ठाऊक होते.

आता नागपूरकडे पाहा. तिथे मार्च २०१९ मध्ये खापरी ते सीताबर्डी मेट्रो सुरू झाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये पहिला टप्पा पुरा झाला. या कामाला जर्मनीच्या सरकारी के. एफ. डब्ल्यू. बँकेचे कर्ज आहे. २०१८ साली आणखी एक करार झाला : नागपूरहून वर्धा, रामटेक, नरखेड आणि भंडारा रोड या बाजूंना, रेल्वेच्या असलेल्या रुळांवरूनच मेट्रोसारखे डबे चालवावेत. कल्पना कार्ल्सरूहेच्या जवळची आहे आणि चांगली आहे. असलेला रूळ वापरायचा म्हणजे नव्या मार्गाइतकी जमीन लागत नाही. पण एक फरक डोळ्यांआड करू नका. नागपूरची मेट्रो चार फूट साडेआठ इंची रुळावर आहे आणि आपली रेल्वे साडेपाच फुटी. म्हणजे रामटेकहून निघालेला डबा सीताबर्डीच्या मेट्रोच्या रुळावर जाऊ शकणार नाही. माणसाला कुठेतरी उतरावेच लागेल. पुन्हा कुर्डुवाडीच! मग उतरावे लागणारच असेल, तर निदान फलाट समोरासमोर हवेत, तिकीट एक हवे आणि पुढची गाडी आपली वाट पाहत उभी हवी. एवढे मागणे काही फार नाही.

म्हणून माझे सांगणे असे. तुमच्या भागात अशी कुठलीही रेल्वे येणार असे कानावर आले, की पहिल्यांदा दारात येतो तो दलाल. "रेल्वे येणार, भाव आहे तोवर देऊन टाका," असे तो सांगतो. भाव चढणार असेल तर तोच कशाला घ्यायला धावतो, एवढा विचार करा आणि घाईने सातबारा हातचा घालवू नका. घरात बसून बोला. घरातल्या बायकांनाही त्या बोलण्यात घ्या, कारण जमिनीचा पैसा सरला की चूल त्यांनाच पेटवायची असते.

आणि ग्रामसभेत उभे राहून चार गोष्टी विचारा. आमच्या गावाला थांबा आहे का, का गाडी नुसतीच शिवारातून जाणार? थांबा असेल तर तो वस्तीपासून किती लांब, आणि पावसाळ्यात तिथवर जायला रस्ता आहे का? शहरातल्या मंडईला, कॉलेजला, सरकारी दवाखान्याला जायला किती वेळा गाडी बदलावी लागेल आणि तिकिटे किती? रात्रीची शेवटची गाडी किती वाजता? दुधाचे कॅन आणि भाजीची पाटी आत घेऊ देणार का? ही शेवटची गोष्ट विचारायला लाजू नका. ज्यांच्या शिवारातून रूळ जातो, त्यांची पाटी गाडीत चढत नसेल, तर ती रेल्वे गावासाठी नाही, गावावरून आहे. हे प्रश्न नकाशा कागदावर असतानाच विचारायचे असतात. खांब उभे राहिल्यावर थांबा हलवणे फार अवघड.

कॉलेजला जाणाऱ्या पोरींचा विचार मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. दोन गाड्या बदलून अंधारात फाट्यावर उतरावे लागते, म्हणून शिक्षण सुटलेल्या मुली तुमच्याही ओळखीत असतील. घरच्यांचे चुकते असे मी म्हणत नाही, काळजी असतेच. पण थांबा वस्तीजवळ असेल, दिवा असेल, गाडी एकच असेल आणि शेवटची फेरी वेळेवर असेल, तर तीच आई मुलीला "जा" म्हणेल.

आत्या आता राहिली नाही. तिची पाटी मात्र आमच्या माळ्यावर अजून आहे. दोन्ही बाजूंचे काठ झिजलेत, हात लावून लावून. हा मजकूर घरात मोठ्याने वाचा आणि तुमच्या घरापासून शहरातल्या कामापर्यंत किती वेळा चढ-उतर करावी लागते, ते बोटांवर मोजा. तो आकडा लक्षात ठेवा. पुढच्या ग्रामसभेत तोच उपयोगी पडेल.

बरं आहे मंडळी, पुढच्या आठवड्यात भेटू.